रस्ता सरकारचा, कड मुकादमांची

टँकर वळणावरून आला तेव्हा मी बायपासच्या मधोमध होते. माझ्या पुढे ठकूबाईची मेंढरं, मागे ठकूबाईची मेंढरं आणि सगळ्यात शेवटी काठी घेतलेली ठकूबाई. टँकर दुधाचा होता आणि भरलेला होता. भरलेला टँकर ब्रेक मारला म्हणून जागेवर थांबत नाही, हे मला मुकादमांनीच सांगितलं होतं. रस्त्याच्या कडेला तांबडं निशाण फडकत होतं. निशाण फडकत होतं म्हणूनच आम्ही रस्त्यात उतरलो होतो.

सगळ्या जगात तांबडं म्हणजे थांबा. आमच्या वस्तीत तांबडं म्हणजे चला. हे मुकादमांनी करून ठेवलं होतं.

ते खरं तर मुकादम कधीच नव्हते. सरकारी रस्त्यावर मैलकुली म्हणून लागले आणि मैलकुली म्हणूनच निवृत्त झाले. मैलकुली म्हणजे रस्त्याचा नेमून दिलेला तुकडा सांभाळणारा माणूस. खड्डा बुजवायचा, रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीचं तोंड साफ करायचं, मैलाच्या दगडाला चुना लावायचा. गावातल्या पोरांनी टिंगल म्हणून त्यांना मुकादम म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते खरं धरलं. पुढे पुढे आम्हालाही त्यांचं दुसरं नाव आठवेना.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात. माझी शाळा चौथीला सुटली होती आणि आईबरोबर मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. ते तेव्हा पंचविशीच्या आतले असतील. हातात लोखंडी कडं घेऊन फिरायचे. खडी त्या कड्यातून गेली तर पास, नाही तर पुन्हा फोडा. माझी अर्धी रास त्यांनी पायाने बाजूला केली होती. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरी, घाव घालताना दगडाकडं बघतीयास. कपची डोळ्यात जाईल. मान वळव. हाताला ठावं आसतं कुटं मारायचं ते."

मी मान वळवून फोडायला शिकले. शेजारच्या बाईचा डोळा त्याच महिन्यात गेला. माझे दोन्ही शाबूत आहेत.

तेव्हापासून त्यांनी मला पोरीच म्हटलं. मला नातवंडं झाली, माझे दात पडले, तरी पोरी. मी एकदा म्हटलं, "मुकादम, साठी उलटली माझी."

"मंग? माझी काय थांबली व्हती व्हय?"

या माणसाने जन्मात मोटारीत पाय ठेवला नाही. एसटी नाही, जीप नाही, सोयरिकीचा टेम्पोही नाही. बहीण महाळुंगे पडवळला दिली होती, तिच्याकडे चालत जायचे. लांब जायचं असलं तर सायकल. कुणी विचारलं तर म्हणायचे, "रस्ता खालनं बघायचा आसतो. वरनं बघणाऱ्याला निस्तं डांबर दिसतं." चालताना दर दहा पावलांना वाकून काहीतरी उचलायचे. खडा, खिळा, बाटलीची काच. ते खिशात टाकायचे. त्यांच्या बायकोने मरेपर्यंत त्यांच्या सदऱ्याचे खिसे शिवले.

खोडदला त्या मोठ्या दुर्बिणींवर माझा भाचा कामाला आहे. एकदा तो त्यांना समजावून सांगत होता की तिथे आकाशातला लांबचा लांबचा आवाज ऐकू येतो, माणूस जन्मायच्या आधीचा. मुकादमांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतकं लांबचं ऐकू येतं, तर आमची शाळंजवळची मोरी तुंबलीय ते ऐकू आलं का न्हाई?"

आता बायपासचं सांगते, कारण त्याच्याशिवाय मुकादम कळणार नाहीत.

जुना रस्ता गावातून जायचा. मुकादम सांगायचे, आधी तिथे बैलगाडीची चाकोरी होती. मग मुरूम आला, मग दुष्काळात आमची खडी आली, मग डांबर. दोन्ही बाजूंना वड होते. रस्ता रुंद करताना ते गेले. पुढे गाड्या इतक्या वाढल्या की बाजाराच्या दिवशी पुण्याकडची रांग नाशिककडच्या रांगेला भिडायची आणि मध्ये अॅम्ब्युलन्स अडकायची. मग सरकारने ठरवलं, गावाला बाहेरून वळसा घालायचा. लांबी म्हणाल तर काहीच नाही. ओढ्याच्या पुलाअलीकडे जुन्या रस्त्यापासून सुटतो, उसाच्या रानातून जातो, एक वळण घेतो आणि टेकडीच्या पायथ्याला पुन्हा जुन्या रस्त्याला मिळतो. गाडीत बसलेल्या माणसाची एक जांभई होईपर्यंत संपतो.

बायपास म्हणजे गावाला टाळणारा रस्ता. आमची बौद्धांची वस्ती पहिल्यापासून गावाच्या बाहेर. त्यामुळे गावाला टाळताना तो नेमका आमच्या दारातून गेला. वस्ती खाली राहिली, रस्ता दोन पुरुष उंच भरावावर गेला, आणि आमची विहीर, रानं, शाळा, दुकान सगळं पलीकडे राहिलं. पलीकडे जायला भुयारी रस्ता दिला, पण तो पार ओढ्याजवळ. पाऊण तासाचा हेलपाटा, आणि पावसाळ्यात तिथे कमरेएवढं पाणी. समोर दुभाजकात एक फट ठेवली होती, तिला सगळे कट म्हणायचे. तिथून धावत पलीकडे जायचं. पहिल्या वर्षात दोन म्हशी आणि एक माणूस गेला.

रस्ता झाला तेव्हा मुकादमांनी सायकलच्या चाकाच्या तारेला चिंधी बांधली आणि चिंधीचे फेरे मोजत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "सरकारी पाटीपेक्षा दोनशे पावलं जास्त भरतोय."

मी म्हटलं, "मग काय करायचं?"

"काय न्हाई. ठावं आसावं."

त्या रस्त्याचा मैल-किलोमीटर त्यांनी कधी मानला नाही. खाली काय गाडलं गेलंय त्यावरून ते जागा सांगायचे. कुणी म्हणालं अपघात झाला, तर विचारायचे, "कुटं? माज्या चुलत्याच्या कांद्यावर का बुजलेल्या विहिरीवर?" नवीन माणसाला वाटायचं म्हातारा चळला. पण कुठल्या वाफ्यावर कोण उभं आहे हे त्यांना शेवटपर्यंत बरोबर सांगता यायचं. मला एकदा कटाजवळ थांबवून म्हणाले, "पोरी, तू आत्ता तुज्या सासऱ्याच्या चिंचंवर उभी हायेस." सासऱ्याच्या हयातीत मी त्या झाडाखाली कधी निवांत बसले नव्हते. वर उभी राहीन असं तर वाटलंच नव्हतं.

निवृत्तीनंतर लोक ओट्यावर बसतात. मुकादम बायपासवर आले. सरकारी नोकरीतलं तांबडं निशाण त्यांनी परत केलं नव्हतं. ते एका लांब बांबूला बांधून रोज सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात कटाजवळ उभे राहायचे. मोकळी जागा बघून रस्त्यात उतरायचे आणि निशाण वर करायचे. जुने डायव्हर थांबायचे, कारण तांबडं निशाण म्हणजे रस्त्यावर माणसं काम करताहेत हे त्यांना माहीत होतं. नवे डायव्हर शिव्या देत थांबायचे. एकाने काच खाली करून विचारलं, "ए बाबा, तू पोलीस हायेस का?"

"न्हाई."

"मग कोणच्या अधिकारात गाडी अडवतो?"

"तू थांबलास का न्हाई? मंग झालं."

आम्ही वस्तीतल्या बायका भरावाच्या खाली उभ्या असायचो. खालून मुकादम दिसत नसत, गाड्या दिसत नसत. फक्त निशाणाचं टोक दिसायचं. ते वर गेलं की चढायचं आणि सरळ पलीकडे जायचं. त्यांनी आम्हाला एकच गोष्ट घोकून घेतली होती. "तांबडं दिसलं की चाला. गाडीकडं बघायचं न्हाई. गाडीकडं बघितलं की पाय थांबतो, आन् मदी थांबलेला माणूस मरतो. गाडी मी बघतो. तुमी निशाण बघा."

आम्ही तसंच केलं. त्यांचं निशाण वर गेल्यापासून कटावर एक कोंबडीसुद्धा मेली नाही.

नऊ वाजता निशाण गुंडाळलं की दुसरं काम सुरू. नवीन रस्त्याची साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मातीची पट्टी, ठेकेदाराने भुसभुशीत सोडली होती. डांबरावरून चाक उतरलं की वीतभर खाली जायचं. मुकादम टेकडीवरून घमेल्याने मुरूम आणायचे, पसरायचे, वर पाणी मारायचे आणि धुमसाने, म्हणजे दांडा लावलेल्या जड ठोकळ्याने, ठोकायचे. रोज चार-पाच पावलं पट्टी. आमच्या वस्तीच्या वरचा सगळा भाग त्यांनी असा बांधून काढला. त्यात किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. लोक हसायचे. दुकानदार म्हणायचा, "मुकादम, बदलीचा अर्ज करा, काम लई पडतंय तुम्हाला."

एकदा ठेकेदाराचा इंजिनीअर गाडी थांबवून उतरला. पोरगा सभ्य होता. म्हणाला, "बाबा, हे तुमचं काम नाही. रस्ता आमच्याकडे आहे."

मुकादमांनी धुमस टेकवला. "रस्ता सरकारचा. तुमच्याकडं आसंल. कड माजी हाय."

इंजिनीअरने फोटो काढला आणि गेला. मी तिथेच होते. मी म्हटलं, "मुकादम, कडेने कोण जातंय? गाड्या मधून जातात."

ते म्हणाले, "सुखात समदे मदनंच जात्यात. कड लागती ती अडचणीत."

मला तेव्हा हे म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटायचं, या माणसाला घरी कुणी नाही, म्हणून हा दगडमाती उपसतोय. निम्मं ते खरंही असेल.

त्यांना कटाच्या जागी माणसांसाठी मोरी हवी होती. रस्त्याखालून, डोकं न वाकवता जाता येईल अशी. त्यासाठी ते अर्ज करायचे. अर्ज माझ्या नातीकडून लिहून घ्यायचे, सायकलवर घोडेगावच्या कचेरीत जायचे आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन संध्याकाळी यायचे. टँकर आला त्या दिवशीही ते तिकडेच गेले होते. आदल्या संध्याकाळी भरावावरून खाली वाकून सगळ्यांना सांगितलं, "उद्या मी न्हाई. उद्या निशाण न्हाई. पलीकडं जायचं आसंल तर ओढ्याकडनं जावा. कुणी हितनं उतरायचं न्हाई."

मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणणार नाही.

ठकूबाई लोणीकडच्या धनगरांची. दर हिवाळ्यात ती मेंढरं आमच्या रानात बसवायला येते. रात्रभर मेंढरं रानात बसली की खत होतं आणि पुढचा कांदा चांगला येतो. त्या दिवशी ती सकाळी आठला वस्तीत पोचली. मी म्हटलं, आज ओढ्याकडून जाऊ. मेंढरं वळवली आणि सहज वर पाहिलं, तर भरावावर तांबडं निशाण.

मला वाटलं, म्हातारा गेलाच नाही. सायकल पंक्चर झाली असेल, नाही तर कचेरीला सुट्टी असेल. मी ठकूबाईला म्हटलं, "चल, निशाण लागलं."

निशाण कुणाच्या हातात आहे हे मी पाहिलं नाही. इतक्या वर्षांत कधी पाहावं लागलंच नव्हतं.

ते निशाण रस्त्यावर पांढरे पट्टे मारणाऱ्यांचं होतं. ठेकेदाराची माणसं सकाळी आली, कटाजवळ मातीत बांबू रोवून त्याला तांबडं फडकं बांधलं आणि वळणापुढे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचे पट्टे मारायला गेली. त्यांच्या हिशोबाने त्यांनी बरोबर केलं. तांबडं म्हणजे सांभाळून. आमच्या हिशोबाने आम्ही बरोबर केलं. तांबडं म्हणजे चला.

मी चढले आणि सवयीने मान खाली घालून चालायला लागले. निम्म्यात आल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थांबलेल्या गाडीच्या इंजिनाची घरघर रोज असते, ती नव्हती. मी वर पाहिलं. बांबूजवळ कुणीच नव्हतं. आणि टँकर वळणावरून आला.

मदी थांबलेला माणूस मरतो. मी थांबले. मेंढरंही थांबली.

डायव्हरने हॉर्न दाबूनच धरला. सरळ आला असता तर आम्ही सगळ्या गेलो असतो. त्याने डावीकडे घातला, वस्तीच्या बाजूला. ठकूबाई नुकती वर आली होती, ती बाजूला पडली. मागची तीन मेंढरं चाकाखाली गेली. टँकरची डावीकडची चाकं डांबरावरून साईडपट्टीवर उतरली. पट्टीच्या पलीकडे उतार होता आणि उताराखाली माझ्या घराचे पत्रे. घरात माझी सून होती. टँकर तसाच, अंगावर पडल्यासारखा कललेला, पट्टीवरून पन्नास-साठ पावलं गेला आणि उभा राहिला.

पडला नाही.

डायव्हर उतरला. दार त्याने उघडंच टाकलं. आधी तो आमच्यावर ओरडला. "मरायला माझीच गाडी मिळाली काय तुम्हाला?"

ठकूबाई उठत म्हणाली, "तुला निशाण दिसत न्हाई व्हय रं? एवढं तांबडं लावलंय."

"ते रंगवाल्यांचं हाय, मावशे. ते माझ्यासाठी हाय. तुला कुणी सांगितलं रस्त्यात उतर म्हणून?"

मग तो साईडपट्टीवर बसला आणि ठकूबाईने त्याला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं. मेलेल्या मेंढरांकडे ती नंतर गेली.

मुकादमांकडे फोन नव्हता. ते संध्याकाळी आले. वाटेत त्यांना कळलं होतं, कारण ते सायकल हातात धरून बायपासवरूनच आले. मी कटाजवळ बसले होते. मला वाटलं विचारतील, लागलं का, कोण गेलं. ते म्हणाले, "साईडपट्टी बसली का?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माणसांचं विचारा आधी."

"तू बोलतीयास म्हंजी हायेस. ठकी तिकडं दिसतीया. पट्टी बोलत न्हाई, म्हणून इचारलं."

मग त्यांनी सायकल आडवी टाकली आणि चाकांच्या खुणेवरून वाकून चालत गेले. दर थोड्या अंतरावर बोटं घालून खोली मोजली. परत येऊन म्हणाले, "चार बोटं. जास्त न्हाई." त्यांच्या तोंडावर मी असं समाधान कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते त्या वेळी सहन झालं नाही. मी त्यांना निशाणाचं सांगितलं. कुणाचं होतं, कुठे होतं, आम्ही कशा चढलो.

ते खाली बसले. रस्त्याला लागून कधी बसायचं नाही हा त्यांचा नेम होता. त्यांनी तो त्या दिवशी मोडला. म्हणाले, "दगडाकडं बघू नको म्हणलं, ते बरोबर व्हतं. दगूड चालून येत न्हाई. तेच गाडीला लावलं मी. चुकलं."

मी त्यांना, असू द्या, असं म्हटलं नाही. चुकलंच होतं. पण मग मी खाली माझ्या घराच्या पत्र्यांकडे पाहिलं आणि पट्टीवरच्या चार बोटं खोल खुणेकडे पाहिलं. तेही मी त्यांना बोलून दाखवलं नाही. आज लिहिताना दोन्ही मांडते. त्यांच्या एका कामाने आम्हाला रस्त्यात आणलं आणि दुसऱ्या कामाने टँकर धरून ठेवला. यातलं एकच सांगणारा माणूस खोटं सांगेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते आले, निशाणाशिवाय. आपल्या निशाणाच्या फडक्याने त्यांनी पुढे सायकलची चेन पुसली. आम्हा बायकांना त्यांनी भरावाच्या वर एका रांगेत उभं केलं, शाळेतल्या पोरांसारखं. "आदी उजवीकडं बघा. गाडी हाय? मंग थांबा. आता पुन्यांदा बघा." एक म्हातारी मान खालीच घालत होती, तर तिची हनुवटी धरून वळवली. ती म्हणाली, "मुकादम, माझ्या नवऱ्याने कधी अशी हनुवटी धरली नाही." सगळ्या हसलो. ते हसले नाहीत.

दोन महिन्यांत तो कट सिमेंटचे ठोकळे टाकून बंद झाला. मोरी झाली नाही. आम्ही ओढ्याकडून जातो. शिक्का मारलेला तो शेवटचा अर्ज माझ्या ट्रंकेत आहे, नातीच्या अक्षरातला.

मुकादम गेल्या थंडीत गेले, घरात, अंथरुणात. मी आदल्या दिवशी भेटायला गेले होते. विचारलं, काही हवं का. म्हणाले, "पावसाच्या आदी पट्टीवर मुरूम टाका. चार बोटं कमी हाय तिथं." मी आणि सुनेने मिळून बारा घमेली टाकली. धुमस मला उचलत नाही, तो सुनेने मारला.

त्या सकाळी रस्त्यात दोन बायका, एक डायव्हर आणि ठकूबाईची मेंढरं होती, आणि खाली घरात माझी सून होती. तीन मेंढरं मेली. ठकूबाई जगली, डायव्हर जगला, सून जगली आणि मी जगले.